पंक्चर न होणारी सायकल

दादाच्या सायकलला पंक्चर का होत नसे, हे खुळखुळ्यानं आईला विचारलं, वहिनीला विचारलं, कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याला विचारलं, आणि एकदा घरात कोणी नाहीसं बघून भिंतीवरच्या दादाच्या फोटोलाही विचारून पाहिलं. आई म्हणाली, "तू आधी जेवून घे." वहिनीनं एक पातेलं घासायला घेतलं. पंक्चरवाला म्हणाला, "अरे, तेच मी त्याला विचारणार होतो. माझ्या धंद्यावर त्याचा एवढा राग का, म्हणून." आणि फोटो नेहमीसारखा हसत राहिला.

खुळखुळा म्हणजे या घरातला धाकटा. त्याचं खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं. पण शाळेशी त्याचं फार दिवस जमलं नाही, तेव्हा नावही तिकडंच राहून गेलं. खुळखुळा हे नाव दादानं ठेवलेलं. तो गल्लीच्या तोंडाशी आला की घरात कळायचं. त्याच्या अखंड बडबडीमुळं हे नाव पडलं अशी सगळ्यांची समजूत होती. त्याचीही तीच होती, आणि त्याला त्याचा थोडा अभिमानसुद्धा होता.

कामाला तो सोफ्याच्या कारखान्यात. लाकडी सांगाड्यावर पट्टे ताणायचे, फोम बसवायचा, वरून रेक्झिन ओढून चपट्या डोक्याचे बारीक काळे खिळे ठोकायचे. खिळे मूठभर तोंडात धरायचे आणि जिभेनं एकेक पुढं सरकवत ठोकत जायचं. तेवढा वेळ तो गप्प बसे, म्हणून मालक त्याला होता होईतो ठोकण्याचंच काम देत.

दादा गेला तो साध्या तापाचं निमित्त होऊन. "जरा कणकण आहे" म्हणून आडवा झाला तो उठलाच नाही. खुळखुळ्याला हे अजून पटलेलं नव्हतं. जो माणूस कोपऱ्यावर काडेपेटी आणायला जातानासुद्धा "आलोच रे" म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडत नसे, तो असा न सांगता जातो म्हणजे काय? तो दादावर इतका चिडला होता, की त्या भरात त्यानं दादाच्या बऱ्याच वस्तू जप्त केल्या. दादाचा कंगवा, दादाचा मफलर, एक न चालणारं घड्याळ आणि दारामागच्या खुंटीला दोरीनं टांगलेलं, जुन्या लाउडस्पीकरमधून काढलेलं बशीएवढं लोहचुंबक. कंगवा त्यानं खिशात ठेवला, मफलर भर उन्हाळ्यात गळ्यात घातला आणि लोहचुंबक उशीखाली ठेवून झोपायला लागला. (मान आखडायची. पण मान आखडली की आपल्याला दुःख झालंय याची त्याला खात्री पटायची.)

सायकल मात्र जप्त करता आली नाही. ती वहिनीकडं गेली, कारण वहिनीनं मोठ्या दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादरी धुवायचं काम धरलं होतं आणि दवाखाना लांब होता. आणि जी सायकल दादाच्या हाताखाली वर्षानुवर्षं साधी फुसफुसली नव्हती, ती आता एक दिवसाआड हवा सोडायला लागली. कधी पुढचं चाक, कधी मागचं. वहिनी सकाळी सायकल पायऱ्यांवरून खाली उतरवायची, टांग मारायची, आणि पंक्चरवाल्याच्या दुकानापर्यंत पोचेपोचेतो चाकाची भाकरी झालेली असायची.

शेवटी एका संध्याकाळी तिनं जाहीर केलं, "भाऊजी, रविवारी दूधवाले काका येतायत. सायकल त्यांना देऊन टाकतेय."

"देऊन टाकतेय? दादाची सायकल?"

"मग आणखी कुणाची आहे आपल्याकडं?"

"पण का?"

"तुम्हाला वाटतं मी सायकलवरून कामाला जाते. तसं नाहीये ते. सायकल माझ्याबरोबर चालत येते. पंक्चरवाल्याला माझ्या डब्यात रोज काय असतं ते पाठ झालंय. आणि मुकादमबाईंनी आज सांगितलंय, अजून एकदा उशीर झाला तर दुसरी बाई बघतील."

"वहिनी, सायकल जाणार नाही!" खुळखुळ्यानं टेबलावर मूठ आपटली. टेबल तीन पायांचं होतं, त्यामुळं आईची औषधाची बाटली गडगडत गेली ती आईनं सवयीनं अलगद झेलली. "मला रविवारपर्यंत वेळ दे. मी असा बंदोबस्त करतो, की खिळ्यांच्या गादीवरून गेली तरी पंक्चर होणार नाही. आणि तोवर एकदा जरी झालं, तर मी स्वतः ती दूधवाल्यांच्या दारात नेऊन लावतो."

"शब्द?"

"शब्द."

"हा असा बोलला ना," आई बाटली जागेवर ठेवत म्हणाली, "की माझं औषध वाढतं."

पहिला बंदोबस्त त्याच रात्री जेवणाआधी झाला. खुळखुळ्याचा विचार सरळ होता. सोफ्यावर माणूस बसतो, स्प्रिंग खालून टोचत नाही. का? मध्ये अस्तर असतं. मग टायर आणि ट्यूब यांच्यामध्ये अस्तर घातलं तर? कारखान्यातून कधीतरी आणून ठेवलेल्या जाड रेक्झिनच्या पट्ट्या त्यानं बाहेर काढल्या. टायर उतरवला, पट्ट्या एकमेकींना जोडत आत गोल बसवल्या, ट्यूब भरली, हवा मारली. चाक टणक लागलं. वहिनीच्या हातात द्यायच्या आधी आपण चक्कर मारून बघू, म्हणून तो सायकलवर बसला आणि शीळ घालत निघाला. दुकानापाशी पोचला तेव्हा शीळ थांबवल्यावरही शीळ ऐकू येतच होती. ती चाकातून येत होती.

पंक्चरवाल्यानं टायर उघडला आणि बराच वेळ आत बघत राहिला.

"हे काय आहे?"

"अस्तर."

"कोणी बसवलं?"

"मी. सोफ्याला बसवतो तसं."

"अस्सं. आणि हे?" पंक्चरवाल्याच्या चिमटीत चपट्या डोक्याचा काळा खिळा होता.

"तो सांध्याला मारलाय. पट्टी सरकू नये म्हणून."

"आतून?"

"बाहेरून मारला तर दिसतो ना. काम बेंगरूळ दिसतं."

"आणि टोक बाहेर आलं असेल, ते?"

"ते ठोकून परत आत वळवलं. बाहेर टोक ठेवणं धोक्याचं."

पंक्चरवाला उठला. दुकानाबाहेर जाऊन उभा राहिला, आभाळाकडं बघितलं, दोन्ही हातांनी तोंडावरून पाणी फिरवल्यासारखं केलं आणि परत आत आला.

"म्हणजे पंक्चर होऊ नये म्हणून तू टायरमध्ये खिळे मारलेस."

"दोनच," खुळखुळा म्हणाला. मग पंक्चरवाल्यानं ते मोजायला सुरुवात केली तेव्हा म्हणाला, "प्रत्येक सांध्याला दोन."

त्याचा दोष नव्हता. हाताला सवय असते. रेक्झिन हातात आलं की त्याचा दुसरा हात आपोआप खिळ्याकडं जाई. एकदा तर त्यानं रेक्झिनची पिशवी शिवायला घेतलेल्या कारखान्यातल्या शिंपीमास्तरांना मदत करताना पिशवी टेबलाला ठोकून दिली होती. पंक्चरवाल्यानं ट्यूब दुरुस्त केली आणि वहिनीशी लागलेली शर्त ऐकून हे पंक्चर तिच्यात धरायचं नाही, कारण वहिनी सायकलवर नव्हती, असा निकालही दिला. "पण घरी सांगू नकोस," तो म्हणाला, "मी आधी माझ्या बायकोला सांगतो. गोष्ट ताजी राहायला हवी."

दुसरा बंदोबस्त दुसऱ्या दिवशी कारखान्यात सुचला. सोफ्याच्या पाठीला आतून कापड चिकटवायला तिथं कणकेची खळ शिजवून ठेवत. खळीच्या डब्याला बुडाशी भोक पडलं होतं. पण खळ तिथं येऊन वाळली आणि भोक आपलं आपण बुजलं होतं. खुळखुळा त्या डब्यासमोर उकिडवा बसला आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ट्यूबमध्ये खळ भरायची! खिळा घुसला, भोक पडलं, खळ धावत आली, भोक बंद. पंक्चर व्हायच्या आधीच पंक्चर निघालेलं!

मालक म्हणाले, "ने ती सगळी. चार दिवसांची आहे, आंबलीये, वास मारतेय. मी टाकूनच देणार होतो."

"आंबली म्हणजे काय, मुरली," खुळखुळा म्हणाला. चिकटपणा वाढावा म्हणून त्यानं घरी तीत दोन मुठी साखरही घातली. व्हॉल्व्हच्या एवढ्याशा नळीतून खळ आत कशी घालायची हा प्रश्न होता. तो त्यानं आईच्या शिलाई मशीनच्या तेलपिचकारीनं सोडवला. (आईचं मशीन त्यानंतर शिवेनासं झालं. ते चिकटवायला लागलं.)

आणि काय सांगावं, बंदोबस्त चालला! वहिनी मंगळवारी वेळेवर गेली. बुधवारी वेळेवर गेली. चाकं फिरताना पचक पचक असा आवाज यायचा एवढंच. चिखलातून म्हैस चालली आहे असं वाटायचं. गुरुवारी मुकादमबाईंनी तिच्याकडं बघून चक्क मान हलवली. खुळखुळा छाती काढून फिरायला लागला.

"बघितलंस ना वहिनी?"

"बघितलं. पण भाऊजी, चाक रोज जास्त घट्ट का होतंय? मी तर हवा भरली नाही."

"तेच तर! भरावीच लागत नाही. आता ती स्वतःची स्वतः हवा तयार करते."

"सायकल?"

"दादाची आहे ती. काही कमी हुशार नाही."

वहिनीनं मान खाली घातली आणि डबा घासायला घेतला. दादाचं नाव निघालं की ती काहीतरी घासायला घेई. घरातली सगळी भांडी त्या महिन्यांत आरशासारखी झाली होती.

"आणि तिला वास कसला येतो रे?" आईनं आतून विचारलं.

"नवी हवा आहे, आई!"

रविवार उजाडला. ऊन कडक होतं. खुळखुळ्यानं सायकल पुसून लखलखीत केली आणि गल्लीतल्या सगळ्यांना दिसावी म्हणून पायऱ्यांसमोर भर उन्हात उभी केली. समोरच्या काकूंनी नुकतंच धुणं वाळत घातलं होतं, त्यांनी दोरीआडून विचारलं, "आज काय, सायकलचं प्रदर्शन?" आई दारात खुर्ची टाकून बसली. वहिनी सायकलच्या कुलपाची किल्ली हातात घेऊन उभी राहिली. तेवढ्यात दूधवाले काका आले. पांढरा सदरा, पिळदार मिशा, चालणं सावकाश. दूध सांडू नये म्हणून आयुष्यभर तसं चालून ते रिकाम्या हातीही तसेच चालत.

"काका, तुम्हाला उगीच त्रास झाला," खुळखुळा म्हणाला. "सायकल द्यायची नाही ठरलं. आठवडा झाला, एक पंक्चर नाही. हवं तर तपासून बघा."

"असं? मग बघतो तर खरं." काका सायकलपाशी वाकले. त्यांनी मागचं चाक अंगठ्यानं दाबलं. "हवा जरा जास्तच वाटते रे."

"जास्त नाही, ताजी आहे. घरचीच आहे."

"आणि आतून गुडगुड कसली येते?" काकांनी कान चाकाजवळ नेला.

"कुठं?"

"हे काय, पोटात वायू धरल्यासारखं—"

फाट्!

कबुतरं उडाली. समोरच्या काकूंनी किंचाळून दोन्ही हातांनी दोरी धरली आणि धुण्यासकट खाली बसल्या. धूर विरतो तशी शांतता हळूहळू विरली, तेव्हा दिसलं ते असं : काकांच्या मिशांचे दोन्ही पीळ सुटून त्यांवरून आंबट खळ ठिबकत होती, काकूंच्या धुण्यावर बर्फ पडल्यासारखं झालं होतं, आईच्या चष्म्याच्या दोन्ही काचा पांढऱ्या झाल्या होत्या आणि ती "दिवे का गेले?" असं विचारत होती. वहिनीच्या हातातली किल्ली कुठंतरी उडाली होती. स्वच्छ होता फक्त खुळखुळा, कारण तो काकांच्या बरोब्बर मागं उभा होता.

कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं. ते त्यानंच बोलायला नको होतं.

"हे पंक्चर नाही," तो म्हणाला. "पंक्चर म्हणजे भोक. हे फुटणं. शर्त पंक्चरची होती."

काकांनी मिशीवरची खळ बोटानं पुसली, बोट हुंगलं आणि म्हणाले, "बाळ, ही सायकल मला फुकट दिलीस तरी नको. ही सायकल नाही, तोफ आहे. तुझ्या दादानं कशी सांभाळली ही, त्याचं तोच जाणे."

आणि तेव्हा एक आवाज आला. आधी खुळखुळ्याला वाटलं पुढचं चाकही चाललं. मग वळून पाहिलं, तर वहिनी. भिंतीला टेकून, तोंडावर पदर धरून, खांदे गदगदत होते. रडतेय असं वाटून तो पुढं झाला. पण ती हसत होती. गालावर खळ, डोळ्यांत पाणी, आणि "घरची हवा... घरची हवा..." म्हणत खाली पायरीवर बसली ती उठेचना. दादा गेल्यापासून त्या घरात कोणी हसलं नव्हतं. मग आई चष्मा न पुसताच हसायला लागली, आणि दूधवाले काका एवढे सोज्वळ, पण त्यांनाही मिशी हलवावी लागली.

सायकल वाचली, ती अशी.

पण किल्ली हरवली होती आणि सकाळी वहिनीला कामावर जायचं होतं. खुळखुळा पायऱ्यांवर गुडघे टेकून, खळ खरवडत शोधायला लागला. आई म्हणाली, "असं किती वेळ चाचपडणार? दादाचं ते लोहचुंबक आण ना. लोखंडाची किल्ली आहे, येईल चिकटून."

त्यानं उशीखालून ते आणलं. दोरी हातात धरली आणि उंबऱ्यापासून खाली, दादा ओढायचा तसं ओढत नेलं. रोज सकाळी दादा असाच ते ओढत फिरायचा. "दादा, हे काय करतोस रे?" असं त्यानं कितीदा विचारलं होतं, आणि दादा दर वेळी हसून म्हणायचा, "कुत्र्याला फिरवतोय." थोरला भाऊ आणि असं खूळ, म्हणून खुळखुळ्यानं त्याची कारखान्यात टिंगलही केली होती.

पायऱ्यांच्या खाली पोचून त्यानं लोहचुंबक उचललं. किल्ली आली होती. पण किल्ली दिसतच नव्हती. साळिंदर फुगावं तसं ते सगळीकडून काट्यांनी भरलं होतं. चपट्या डोक्याचे, बारीक, काळे खिळे.

हे खिळे जगात कुठंही ओळखले असते त्यानं. त्याच्या तोंडातून गेलेले होते ते.

खुळखुळा सावकाश पायरीवर बसला. त्यानं एक पाय उचलून पँटची दुमडलेली कड उलटी केली. छुन्. चार खिळे पायरीवर पडले. दुसरी उलटी केली. छुन् छुन्. खिशात हात घातला तर बोटाला टोचलं. तो जागचा हलला, आणि पँट खुळखुळली.

त्याला त्याच्या नावाचा अर्थ कळला. बडबडीशी त्याचा काही संबंध नव्हता.

रोज संध्याकाळी तो याच पायरीवर बसून बूट काढायचा, पाय झटकायचा, साहेबासारखा. आणि रोज सकाळी दादा, सायकल बाहेर काढायच्या आधी, एक शब्द न बोलता त्याच्या मागचं सगळं वेचून घ्यायचा. "अरे, जरा पँट झटकून येत जा," एवढं म्हणाला असता तरी चाललं असतं. पण नाही म्हणाला. आणि दादा गेल्यावर हे वेचणारं लोहचुंबक कोणी नेऊन उशीखाली ठेवलं? त्यानंच. रोज रात्री मान आखडून घेत, अगदी मनापासून, तो वहिनीच्या चाकाखाली खिळे पेरत होता.

"मिळाली का?" वहिनीनं आतून विचारलं.

"मिळाली," तो म्हणाला. पण उठला नाही. मफलरनं नाक पुसलं. (खळीला वास फार होता.)

त्यानंतर त्यानं नव्या ट्यूबला हात लावला नाही. अस्तर नाही, खळ नाही, काही नाही. फक्त संध्याकाळी तो पँट बाहेरच काढून दाराबाहेरच्या खुंटीला टांगायला लागला, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून, दोरी हातात धरून, उंबऱ्यापासून गल्लीच्या वळणापर्यंत लोहचुंबक ओढत निघायला लागला. कोणाला काही सांगायचं नाही, हे ठरवलेलं. दादानं सांगितलं नव्हतं, तर आपण का सांगावं? आयुष्यात प्रथमच त्याच्यापाशी एक गोष्ट होती, जी तो बोलत नव्हता. ती आतून इतकी गुदगुल्या करायची, की तो एकटाच हसत चालायचा.

अशाच एका सकाळी वहिनी सायकल घेऊन दारात आली आणि थबकली.

"भाऊजी, हे रोज सकाळी काय करता?"

त्यानं वळून बघितलं. दादासारखंच, अगदी तसंच हसून म्हणाला, "काही नाही. कुत्र्याला फिरवतोय."

वहिनीनं सायकल दाराला टेकवली. तिनं आधी लोहचुंबकाकडं बघितलं, मग त्याच्याकडं, मग खुंटीकडं. मग ओठ दाबत म्हणाली, "कुत्रं छान आहे. पण मालकानं पँट घातली, तर बरं होईल. समोरच्या काकू मघापासून तेच ते फडकं वाळत घालतायत."

खुळखुळ्यानं खाली बघितलं. मग समोर बघितलं. काकूंनी फडक्याआडून मान डोलावली. तो धावत पायऱ्यांपाशी आला, खुंटीवरची पँट ओढली, घाईत झटकायची राहिली ती राहिलीच, चढवली, आणि मोठ्या रुबाबात, जणू काही झालंच नाही असं दाखवत, पायरीवर बसला.

त्याची किंकाळी पंक्चरवाल्याच्या दुकानापर्यंत गेली. वहिनी मात्र तोवर वळण घेऊन पुढं गेली होती. दोन्ही चाकं टणक, वेळेवर. तिच्या वाटणीचा त्या दिवसाचा एकुलता एक खिळा तिच्या दिरानं तिच्यासाठी स्वतः घेतला होता.